टीबीचे पेशंट गोळ्या का सोडतात, आणि त्यांच्या ताटात काय असतं?

कोरडवाहू

टीबीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'लोक अडाणी आहेत, दुखणं अंगावर काढतात' हे पहिलं. 'जरा बरं वाटलं की गोळ्या सोडून देतात' हे दुसरं. ज्यांनी टीबीचा एकही पेशंट जवळून पाहिलेला नाही ते ही वाक्यं सर्वांत ठामपणे म्हणतात. या विषयावरचं संशोधन सध्या वाचतोय आणि माझं मत असं झालंय की पेशंटच्या वागण्यावर खापर फोडणं ही आपल्या व्यवस्थेची सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त पळवाट आहे. का ते लिहितो. भांडायला खाली जागा आहेच.

पहिली गोष्ट तुमकूरची. बंगळुरूला १९५९ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली. तिथे डी. बॅनर्जी हे डॉक्टर आणि स्टिग अँडरसन अशा दोघांनी एक साधा प्रश्न घेतला. तुमकूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या एक्स-रे पाहणीत ज्यांच्या छातीत टीबी सापडला, त्यांना आपण आजारी आहोत हे कळलं होतं का, आणि कळलं असेल तर त्यांनी काय केलं? १९६३ मध्ये निष्कर्ष छापून आले. लक्षणांची जाणीव जवळजवळ सगळ्यांना होती. काळजी बहुतेकांना वाटत होती. आणि निम्म्याहून जास्त लोक आपल्या पायांनी दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथे त्यांना खोकल्याची बाटली देऊन घरी पाठवलं होतं. आता अडाणी कोणाला म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

दुसरी गोष्ट मद्रासची, आणि ही जरा गुंतागुंतीची आहे. १९५६ साली तिथे एक मोठा प्रयोग सुरू झाला. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च काउन्सिल हे सगळे त्यात होते, आणि प्रमुख होते वॉलेस फॉक्स. शहरातल्या गरीब पेशंटांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये, म्हणजे विश्रांती, चौरस आहार, परिचारिका. दुसरा आपापल्या खोलीवर, जे मिळेल ते खाऊन. औषधं दोघांना तीच, वर्षभर. निकाल १९५९ मध्ये आला: सॅनेटोरियममध्ये ९२ टक्के बरे, घरी ८६ टक्के. घरी राहिलेल्यांमुळे कुटुंबात लागण वाढली असंही दिसलं नाही. खाटांसाठी महिनोन् महिने ताटकळणाऱ्या देशाला हा निकाल म्हणजे मोठाच दिलासा होता. घरच्या घरी उपचार ही आजची जगभरची पद्धत तिथूनच निघाली, आणि त्याबद्दल त्या मंडळींचे उपकारच मानायला हवेत.

पण त्या निकालातून एक भलताच अर्थ लोकांनी खिशात घातला: औषध असेल तर खाण्यापिण्याला महत्त्व नाही. प्रयोगाने तो प्रश्न विचारलाच नव्हता. औषध घेणारा पेशंट बरा होतो का, एवढंच पाहिलं होतं. मुळात टीबी कोणाला होतो, घरातल्या पाच जणांपैकी कोणाला होतो, हे त्यात नव्हतंच.

तो प्रश्न नीट विचारला गेला २०१९ मध्ये, झारखंडमध्ये. मंगळुरूच्या अनुराग आणि माधवी भार्गव या डॉक्टर जोडप्याने 'राशन्स' नावाची चाचणी केली. २८०० पेशंट, त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं, बहुतेक घरं आदिवासी. सर्व पेशंटना औषधांसोबत दरमहा १० किलोचा शिधा: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. अर्ध्या भागांतल्या घरच्या माणसांनाही माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. उरलेल्या भागांतल्या घरच्यांना काही नाही. मग २०२२ पर्यंत पाठपुरावा. जिथे घरच्यांना शिधा मिळाला तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी, आणि थुंकीत जंतू सापडणारा, म्हणजे पसरणारा टीबी ४८ टक्क्यांनी कमी. पेशंटांमध्ये पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला.

डाळतांदूळ, लोकहो. लस नव्हे.

चष्मिष्ट

लेख छान, पण उत्साह जरा आवरा. तीन शंका.

एक, टक्केवारी नेहमी गुबगुबीत दिसते. प्रत्यक्षात दहा हजारांत टीबी झालेले दोनशेच्या आसपास. शिधावाल्या गटात ९६, दुसऱ्यात १२२. फरक आहे, पण '४८ टक्के' वाचून जे चित्र उभं राहतं तेवढा डोळ्यांत भरणारा नाही.

दोन, शिध्याबरोबर जीवनसत्त्वांच्या गोळ्याही दिल्या. मग श्रेय डाळीचं की गोळीचं?

तीन, कोणाला काय मिळतंय हे सगळ्यांना दिसत होतं. तांदळाचं पोतं लपवून तर देता येत नाही. ज्या घरात दरमहा माणूस शिधा घेऊन येतो, त्या घरातली माणसं आणखी चार गोष्टी वेगळ्या करत असतील.

आणि मृत्यूचं म्हणाल तर, वजन वाढलं म्हणून वाचले की वाचणारेच होते म्हणून वजन वाढलं?

कोरडवाहू

चष्मिष्ट, अशाच प्रतिसादासाठी धागा काढला होता.

आकडे बरोबर आहेत. दोन्ही गट सारख्या आकाराचे नव्हते, शिधावाला मोठा होता (५६२१ विरुद्ध ४७२४), त्यामुळे ९६ आणि १२२ थेट शेजारी ठेवू नका. संशोधकांनीच हिशेब दिलाय: साधारण ३० घरांना, म्हणजे १११ माणसांना शिधा दिला की टीबीचा एक पेशंट टळतो. हे जास्त वाटतं की कमी हे ज्याच्या त्याच्या खिशावर आहे, पण तो एक पेशंट पुढे आणखी कोणाला देणार होता हेही धरा.

डाळ की गोळी हे या चाचणीतून सुटं करता येत नाही, मान्य. वजन आणि मृत्यूचा मुद्दाही मान्य. तिथे चिठ्ठ्या नव्हत्या, शिधा सगळ्याच पेशंटना होता, त्यामुळे तो निव्वळ संबंध आहे. शिधा कोणापासून लपवलेला नव्हता हेही खरं, पण टीबी झाला की नाही हे तपासणीतून ठरतं, नुसतं विचारून नाही. आणि एक गोष्ट उलट दिशेची. ज्या घरात फक्त पेशंटला १० किलो मिळाले, तिथे तो एकटा बसून जेवला असेल का? आई आजारी असेल तर दूध पावडर पोरांनाच गेली असणार. म्हणजे 'काही नाही' गटालाही थोडंफार मिळालंच. खरा फरक कदाचित दिसला त्याहून मोठा असेल.

वाटाण्याच्या_अक्षता

वाखुसा (वाचनखूण साठवली). जेवून येऊन नीट वाचतो. (विषय बघता हे वाक्य जरा अस्थानी झालं.)

दुचाकीवाला

नेहमी वाचनमात्र असतो, आज लॉगिन केलं. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात टीबी कार्यक्रमात सुपरवायझर आहे. बाईक सरकारची, पाठदुखी माझी.

गोळ्या सोडतात हे खरं आहे. का सोडतात ते सांगतो.

टीबीच्या गोळ्या वजनावर ठरतात. ३५ ते ४९ किलोला तीन, त्याच्या खाली दोन, ५० च्या वर चार किंवा जास्त. आमच्याकडे चार गोळ्यांचा पेशंट आला की आम्ही एकमेकांकडे बघतो, इतका तो दुर्मिळ. उंचापुरा गडी काट्यावर उभा राहतो आणि काटा ४१ वर थांबतो. गोळ्या सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या. पहिल्या दिवशी लघवी केशरी होते, ते आधी सांगून ठेवलं नाही तर माणूस रक्त जातंय म्हणून घाबरतो आणि तिथेच सोडतो. आम्हाला त्याचा उपयोगही होतो. 'गोळी घेतली का' विचारण्यापेक्षा 'लघवीचा रंग काय' विचारलं की खरं कळतं.

मग मळमळ. पोटात काही असेल तर निभतं. काल रात्री अर्धी भाकरी आणि चटणी खाल्लेल्याला नाही निभत. आणि तीन-चार आठवड्यांनी याच्या उलट होतं. औषध लागू पडतं, ताप जातो, भूक खवळते. एक आजी मला म्हणाली, "साहेब, तुमच्या गोळीनं भूक लागती, भाकर तुम्ही देता का?" मला उत्तर आलं नाही.

आता ऊसतोड. उपचार किमान सहा महिने. ऊसतोडीचा हंगामही ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून तेवढाच. मुकादमाकडून उचल उन्हाळ्यातच घेतलेली असते, लग्नात नाहीतर दवाखान्यात खर्चही झालेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातला एक घरी बसला तर कोयता अर्धा आणि उचल अंगावर. दिवाळीच्या तोंडावर थुंकीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी तो माणूस टोळीबरोबर गाडीत बसणारच. मी निक्षय पोर्टलवर, म्हणजे टीबी पेशंटांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, त्याची नोंद कारखान्याच्या तालुक्याकडे पाठवू शकतो, पाठवतोही. पण फडावर तो आज या शिवारात, आठवड्याने पुढच्या. तिथला माझ्यासारखाच कोणीतरी त्याला पाचटात शोधत फिरतो. आमच्या रजिस्टरला मात्र एकच कारण लिहिलं जातं: 'पेशंटने उपचार सोडले'. मुकादमाच्या उचलीसाठी रकानाच नाही.

उंटावरून

दुचाकीवाले साहेब, सलाम. पण धाग्याचा सूर एकांगी वाटतो. व्यक्तीची काही जबाबदारी आहे की नाही? बिडी ओढणाऱ्याला टीबीचा धोका जास्त, दारू पिणाऱ्याला जास्त, हे संशोधनच आहे ना? माझ्या गावात असे आहेत की ज्यांना सरकारने खात्यावर पैसे दिले, त्याची त्याच संध्याकाळी दारू झाली. सगळं गरिबीवर ढकललं की माणसाला लहान मूल करून टाकतो आपण.

दुचाकीवाला

असे आहेत. माझ्या यादीतही आहेत. पण खात्यावर पैसे 'दिले' म्हणजे कधी? आहारासाठी २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले, चांगलंच झालं. पण कुणाचं आधार जोडलेलं नसतं, कुणाचं खातं व्यवहार नसल्याने बंद पडलेलं असतं, आणि बाईचे पैसे नवऱ्याच्या खात्यावर. उपचार संपल्यावर पैसे जमा झालेले मी पाहिलेत. तोवर त्या पैशाचं काय करायचं हे ठरवायला डॉक्टर नसतो, दुकानदार असतो, ज्याच्याकडे उधारी थकलेली असते.

कोरडवाहू

उंटावरून, बिडी आणि दारू दोन्ही खरे धोके आहेत, आणि त्यात मधुमेहही घाला. शहरातल्या खात्यापित्या घरातही टीबी निघतो त्यामागे बऱ्याचदा साखर असते. पुरुषांमध्ये टीबी जास्त दिसतो त्यात बिडीचा वाटा आहेच. पण आपल्या देशाचा हिशेब मांडला तर कुपोषणाचं पारडं सर्वांत जड निघतं.

छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग नावाचं रुग्णालय आहे. तिथल्या १६९५ प्रौढ टीबी पेशंटांची वजनं २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. निदानाच्या वेळी पुरुषांचं मधलं वजन ४२ किलो, बायकांचं ३४. म्हणजे जवळपास निम्म्या बायका ३४ किलोच्या आत. बिडी न ओढणाऱ्या, दारू न पिणाऱ्या बायका. त्यांना कोणती जबाबदारी शिकवायची?

लोकलमधली

जेवणाबरोबर घराचंही बोला.

मी मानखुर्द-गोवंडी भागात काही वर्षं शिकवत होते. प्रकल्पग्रस्तांना झोपडीतून उचलून सात-सात मजली इमारतींत नेलं. लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड ही नावं मुंबईकरांना माहीत असतील. दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट. मधल्या गल्लीत वरून कचरा पडतो म्हणून खिडक्या कायम बंद, एका खोलीत सहा-सात माणसं. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने २०१८ च्या सुमारास तिथे पाहणी केली, हवा आणि उजेड मोजला. या दोन वसाहतींत टीबीचं प्रमाण शेजारच्या, जरा मोकळ्या बांधलेल्या पीएमजीपी वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त निघालं. तिन्हींकडे राहणारे गरीबच. फरक होता तो वास्तुरचनाकाराच्या नकाशात, आणि त्या नकाशाला नियमांत सूट देणाऱ्या सहीत.

वर्गात एक मुलगी होती, सतत खोकायची. मी घरी गेले तेव्हा आई म्हणाली, "झोपडीत होतो तेव्हा पाणी गळायचं, पण वारं यायचं."

टेम्सचे_पाणी

लोकलमधली +१.

इकडे इंग्लंडमध्ये या विषयावरचा वाद फार जुना आहे. थॉमस मॅककिओन यांचा जुना मुद्दा असा: कॉखने १८८२ मध्ये टीबीचा जंतू शोधला, स्ट्रेप्टोमायसिन हे त्यावरचं औषध सापडलं १९४३ मध्ये, पण इंग्लंडमधले टीबीचे मृत्यू त्याच्या कितीतरी आधीपासून घसरत होते. म्हणजे श्रेय सुधारलेल्या आहाराचं. पुढे सायमन श्रेटर या इतिहासकाराने १९८८ मध्ये ते खोडून काढलं, की असं आपोआप काही होत नसतं. नगरपालिका, सांडपाणी, घरबांधणी, आरोग्य अधिकारी यांनी भांडून करून घेतलं. मला दुसरी बाजू जास्त पटते. समृद्धी आली म्हणून आरोग्य झिरपत नाही हे गोवंडीने दाखवलंच.

केंब्रिजजवळ पॅपवर्थ नावाचं गाव आहे. तिथे १९१८ मध्ये व्हॅरियर-जोन्स या डॉक्टरने टीबीच्या पेशंटांची कुटुंबासह वसाहत केली. हवेशीर घर, झेपेल तेवढं काम, त्याची मजुरी, पोटभर अन्न. तेव्हा औषध अस्तित्वातच नव्हतं. आईबाप थुंकीतून जंतू सोडत होते, मुलांना संसर्गही होत होता, पण तिथे जन्मलेल्या मुलांत प्रत्यक्ष आजार फार क्वचित झाला. अनुराग भार्गव यांनीच २०१२ मध्ये सहकाऱ्यांबरोबर हा पॅपवर्थचा प्रयोग पुन्हा उकरून त्यावर लिहिलं होतं. झारखंडचं बीज तिथे असावं असा माझा अंदाज.

चष्मिष्ट

पॅपवर्थ माहीत नव्हतं, धन्यवाद. मात्र तिथे घर, काम, मजुरी, जेवण सगळं एकदम दिलं होतं, त्यामुळे कशाने फरक पडला हे सांगणं राशन्सहूनही कठीण. माझी शंका कायम, पण 'आहार बिनमहत्त्वाचा' हे मद्रासवरून कोणी म्हणत असेल तर ते चूक, इथवर मी येतो.

सायली_जाई_जुई

आयडी बदलून लिहितेय.

मला विशीत टीबी झाला. छातीचा नाही, मानेतल्या गाठींचा. कोणाला पसरण्याचा प्रश्नच नव्हता, तरी घरात आई, बाबा आणि मी सोडून कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांना 'टायफॉईड उलटला' असं सांगितलं होतं. गोळ्यांचं पाकीट तांदळाच्या डब्यात असायचं, कारण तिथे पाहुणे हात घालत नाहीत. मावशी राहायला आली की गोळी चुकायची, तिच्यासमोर डबा कसा उघडणार? तेव्हा माझी स्थळं बघत होते.

आमच्या घरी खाण्याची ददात नव्हती. तरी माझ्या गोळ्या चुकल्या. माझा मुद्दा एवढाच की शिधा द्या, घरं द्या, पण घरोघरी पांढरा कोट घालून, गाडीवर 'टीबी'ची पाटी लावून नका येऊ.

दुचाकीवाला

ताई, खरंय. आम्ही मुलींच्या घरी जाताना गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावतो. आशाताईला पुढे पाठवतो, ती कशीही कुठेही जाते, कोणी विचारत नाही. बाहेर गावी लग्न ठरलेल्या मुलीच्या गोळ्या आमच्या आशाताईंनी स्वतःच्या घरी ठेवून रोज 'शिवणकाम शिकायला' बोलावून दिल्या आहेत. हे कुठल्याच मार्गदर्शक सूचनेत नाही.

उंटावरून

ही शिवणकामाची आयडिया वाचून तुमच्या आशाताईंना साष्टांग. जबाबदारीचा माझा मुद्दा मी सोडत नाही, पण मुकादमाच्या उचलीचा रकाना हवा हे पटलं.

आता कामाचं विचारतो. आमच्या मित्रमंडळाने सरकारच्या योजनेत 'निक्षय मित्र' म्हणून दोन पेशंट दत्तक घ्यायचं ठरवलंय. शिधा काय द्यावा? कोणीतरी प्रोटीन पावडरचे डबे सुचवलेत.

दुचाकीवाला

डबे नको. पहिल्या महिन्यात उत्सुकतेने पितात, मग डबा फडताळात शोभेला राहतो किंवा नातवंडांना जातो. महागही पडतो.

आमच्या भागात चालतं ते असं: ज्वारी किंवा गहू, तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, तेल. शेंगदाणे भरपूर द्या, कूट होऊन रोजच्या भाजीत जातं. अंडी खाणारं घर असेल तर गावातल्याच दुकानदाराकडे पैसे भरून ठेवा, म्हणजे ते थोडी थोडी नेतात. एकदम दिलेली फुटतात. एकट्या पेशंटपुरतं मोजून देऊ नका, घरातल्या माणसांवर द्या. २०२४ पासून योजनेतही घरच्यांना धरलंय. मुख्य म्हणजे सहा महिने झेपणार असेल तरच सुरू करा. फोटोसाठी एकदा येऊन गेलेले मित्र माझ्याकडे पुष्कळ आहेत. आणि फोटो काढायचाच असेल तर पिशवीचा काढा, पेशंटचा नको. सायलीताईंनी का ते सांगितलंच आहे.

डाळ तूरच घ्या. मागे एका मंडळाने स्वस्त पडते म्हणून मसूर दिली, ती आमच्याकडे कोणी शिजवली नाही.